सोसायटीच्या गच्चीवर सोलर: आधी बिल, मग ठराव, मग पॅनेल

बहुतेक सोसायट्यांमध्ये सोलरची सुरुवात विक्रेत्यापासून होते. तो येतो, गच्ची मोजतो, "इथे ३५ किलोवॅट आरामात बसेल" म्हणतो आणि कमिटी त्या आकड्याभोवती हिशेब मांडायला बसते. पुढे सहा महिन्यांनी कळतं की कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर आहे. ए विंगचं बिल शून्यावर आलं, बी विंगचं मात्र जसंच्या तसं आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर छत गळतंय, आणि चौरस फुटावर वर्गणी भरलेले सभासद विचारतायत की बचत मात्र सगळ्यांना सारखी का. यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं मूळ उलट्या क्रमात आहे.

हा लेख सोसायटीच्या सामाईक मीटरसाठी आहे: लिफ्ट, पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे. कागदपत्रं, सभा, काम आणि नेट मीटर (ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) धरून तीन ते पाच महिने लागतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ कागदांत जातो. म्हणून कागदांचं काम पावसाळ्यात उरकावं आणि गच्चीवरचं काम दसरा-दिवाळीनंतर घ्यावं.

१. बारा महिन्यांची बिलं एका कागदावर उतरवा

एका महिन्याच्या बिलावरून सोलरची क्षमता ठरवणं ही पहिली चूक. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत उन्हाळ्यात पंप वेगळा चालतो, गणपती-नवरात्रात रोषणाई असते, पावसाळ्यात बेसमेंटचे पंप चालतात. म्हणून प्रत्येक कॉमन मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि मीटरनिहाय चार रकाने करा: युनिट, स्थिर आकार, वीज आकार अधिक वहन आकार अधिक इंधन समायोजन, आणि वीज शुल्क.

सोलरने वाचतो तो तिसरा रकाना आणि त्यावर लागणारं १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क सोलर बसवल्यावरही भरावंच लागतं. विक्रेते सहसा एकूण बिलाला युनिटने भागून "तुम्हाला युनिट एवढ्याला पडतं" असा दर सांगतात. त्यात स्थिर आकार मिसळलेला असतो, त्यामुळे बचत फुगलेली दिसते. त्यांचा आकडा बाजूला ठेवा आणि आपला काढा.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५०० आणि त्यापुढे. महिन्याला दोन-अडीच हजार युनिट वापरणाऱ्या कॉमन मीटरची बहुतेक युनिटं सर्वांत महाग टप्प्यात पडतात आणि सोलर आधी तीच महाग युनिटं कापतं. महिन्याला ऐंशी युनिट वापरणाऱ्या घराला सोलरने जेवढा फायदा होतो, त्याच्या कितीतरी पट कॉमन मीटरला होतो. सोसायटीत पहिली गुंतवणूक कॉमन मीटरवर करावी ती यासाठी. तिचा लाभ गच्चीवर हक्क सांगू शकणाऱ्या दोन-चार जणांना न मिळता प्रत्येक घराला मिळतो.

तपासणी: बिलावरची ग्राहक वर्गवारी निवासी आहे ना? बांधकामाच्या वेळचं तात्पुरतं किंवा व्यापारी दराचं मीटर तसंच चालू राहिलेलं असेल तर आधी वर्गवारी बदलून घ्या. सोलरआधीच बिल खाली येईल आणि सगळं गणित बदलेल.

२. मीटर कोणाच्या नावावर, किती आणि मंजूर भार किती

बिलावरचं नाव, सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः एक हवं. "को-ऑप." आणि "सहकारी" असा फरक असला तरी सोलरचं सरकारी अनुदान अडकू शकतं. मीटर बिल्डरच्या नावावर असेल तर आजच नावबदलाचा अर्ज करा. तो होईपर्यंत पुढची कोणतीही पायरी चढू नका, विक्रेत्याला टोकन तर मुळीच देऊ नका.

नेट मीटरिंग एका जोडणीपुरतं असतं. ए विंगच्या मीटरवर जोडलेली वीज बी विंगच्या बिलातून वजा होत नाही. विंगवार वेगळे मीटर असतील तर तीन मार्ग उरतात: प्रत्येक मीटरवर त्याच्या वापरापुरती वेगळी यंत्रणा बसवा, वीज कंपनीकडे मीटर एकत्र करण्याचा अर्ज करा, किंवा एकाच यंत्रणेची युनिटं अनेक मीटरवर वाटण्याची सोय तुमच्या कंपनीत तुमच्या वर्गवारीला मिळते का हे लेखी विचारा. तोंडी "होऊन जाईल" यावर विसंबू नका.

मंजूर भार, म्हणजे जोडणीवर जास्तीत जास्त किती किलोवॅट घ्यायला कंपनीची परवानगी आहे, तोही बघा. सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. भार १५ किलोवॅट आणि यंत्रणा २० ची हवी असेल तर आधी भार वाढवावा लागेल आणि त्याबरोबर स्थिर आकारही वाढू शकतो. तो वाढीव खर्च हिशेबात धरा.

३. आधी वापर कमी करा

ही पायरी सगळे गाळतात आणि सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. जिना, पार्किंग आणि आवारात मिळून चोक असलेल्या ६० जुन्या ट्यूब आहेत असं धरा. चोकसह एक ट्यूब साधारण ५० वॅट घेते, एलईडी २० वॅट. फरक ३० वॅट. रात्री १० तास चालल्या तर ६० × ३० × १० म्हणजे रोजची १८ युनिटं, महिन्याची ५४०. तेवढी वीज सोलरने तयार करायला साडेचार किलोवॅटची पॅनेलं लागतात, म्हणजे सुमारे अडीच लाख रुपये. एलईडीचा खर्च पंधरा हजारांच्या आसपास.

त्याच ओघात आणखी तीन गोष्टी करा. वरच्या टाकीला पाण्याची पातळी बघून पंप बंद करणारा सेन्सर लावा, कारण ओसंडून वाहणारी टाकी म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाया. बेसमेंटला हालचालीवर लागणारे दिवे लावा. आणि पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळतो का ते पाहा. गळत असेल तर पंप दर वेळी आधी हवा ओढतो आणि जास्त वेळ चालतो.

हे केल्यावर किमान एक बिल येऊ द्या. नवा वापर दिसला की मगच क्षमता ठरवा.

४. क्षमता ठरवा: गच्ची भरण्यासाठी नव्हे, वापर भागवण्यासाठी

महाराष्ट्रात सावली नसलेल्या गच्चीवर एक किलोवॅट वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास देतं, म्हणजे सरासरीने दिवसाला चारच्या किंचित खाली. एप्रिल-मेमध्ये साडेचार-पाच, जुलै-ऑगस्टमध्ये अडीच-तीन.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर बघू. ४० सदनिका, एकच कॉमन मीटर, वापर महिन्याला २,९०० युनिट. एलईडीनंतर २,३६०, म्हणजे वर्षाला २८,३२०. भागिले १,४०० केलं की २०.२ येतात. म्हणजे २० किलोवॅट. २५ नाही, ३५ तर नाहीच.

जास्त का नको? जादा युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्षापुरतीच. ३१ मार्चला जी शिल्लक राहते ती वीज कंपनी राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेते आणि तो दर तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो. मोठी यंत्रणा म्हणजे महाग पैशाने स्वस्त वीज विकणं. वापरापेक्षा पाच टक्के कमी धरलेली यंत्रणा दहा टक्के जास्त धरलेल्या यंत्रणेपेक्षा केव्हाही बरी. येत्या वर्षभरात इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर कॉमन मीटरवर येणार असतील तर तेवढाच वापर मिळवा, पण सभेत चार्जरचा ठराव झालेला असेल तरच.

सावधान: दिवसाच्या वेळेनुसार दर लागत असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या सौर तासांत ग्रिडला दिलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतात की नाही, आणि ग्रिड सपोर्टचा आकार (ग्रिड वापरल्याबद्दल सोलर ग्राहकाकडून घेतली जाणारी रक्कम) लागू आहे का, हे चालू दर-आदेश वाचून आणि कंपनीकडून लेखी घेऊन पक्कं करा. कॉमन मीटरचा बराच वापर रात्रीचा असतो, त्यामुळे या एका नियमाने परतफेडीचा काळ बदलतो.

५. गच्ची तपासा: सावली, कोबा, वजन

जागा किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट धरा. २० किलोवॅटला ५४५ वॅटची ३७ पॅनेलं आणि सुमारे २,००० चौरस फूट. टाकीकडे आणि लिफ्टच्या मशीनरूमकडे जायला तीन फुटांची वाट सोडा. अग्निशमन दलालाही ती लागते.

सावली मापायला महागडं यंत्र लागत नाही. पुण्याच्या आसपास डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी टाकीची सावली उत्तरेला टाकीच्या उंचीएवढी, नेमकं सांगायचं तर ०.९ पट, पडते. त्याच दिवसांत सकाळी ९ आणि दुपारी ३ च्या सुमारास ती पावणेदोन ते दोन पट लांब, तिरकी पडते. टाकी गच्चीपासून १० फूट उंच असेल तर तिच्या उत्तरेला किमान १० फूट पूर्ण मोकळे आणि वायव्य-ईशान्येला १८ ते २० फुटांपर्यंत विचार करून पॅनेल लावा. मे ते जुलै या काळात आपल्याकडे सूर्य दुपारी डोक्यावर किंवा थोडा उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेलाही किंचित पडते. पण ती आखूड असते.

एका पॅनेलवरची सावली म्हणजे एका पॅनेलचंच नुकसान, असं समजू नका. पॅनेलं माळेसारखी एकामागून एक जोडलेली असतात. एक अडलं की त्या अख्ख्या स्ट्रिंगची वीज घटते. वीज कमी मिळते आणि सावलीतला भाग तापतोही. सावलीतली चार पॅनेलं गाळून १८ किलोवॅट बसवणं हे सावलीसह २० बसवण्यापेक्षा चांगलं.

आता कोबा. वॉटरप्रूफिंग जुनं असेल, भेगा दिसत असतील, तर आधी ते करून घ्या, पाणी साठवून ४८ तास चाचणी घ्या आणि मगच स्ट्रक्चर. पॅनेलं २५ वर्षांसाठी बसतात. त्यांच्याखाली पुन्हा कोबा करायचा तर सगळं उतरवावं लागतं. स्ट्रक्चरचे पाय कोब्याला ड्रिल करून बोल्टने बसवू देऊ नका. काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे ठोकळे, कोब्यावर ओतून त्यातच बोल्ट धरावेत. वरच्या मजल्यावरच्या गळतीचं कारण म्हणून ड्रिलची भोकंच सर्वांत जास्त वेळा सापडतात.

वजनाचा आणि वाऱ्याचा दाखला स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. वाऱ्याचा मूळ वेग भारतीय मानकाप्रमाणे मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठी ३९ मीटर धरतात. पुण्याच्या सोसायटीचं रेखाटन मुंबईत तसंच वापरलं तर ते कमकुवत ठरेल. खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा हवा असेल तर त्याचा खर्च आणि पालिकेचा नियम दोन्ही आधी विचारा.

सावधान: इमारत येत्या तीन वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल तर थांबा. पाच-सात वर्षं असतील तर करा, पण सांगाडा वेल्डिंगचा न घेता नट-बोल्टचा घ्या आणि यंत्रणा सोसायटीच्या मालकीची आहे हे विकासकाच्या करारात लिहून घ्या.

६. पैसा: ज्या प्रमाणात बचत, त्याच प्रमाणात वर्गणी

सोसायट्या इथे भांडतात आणि अनेकदा प्रकल्पच बुडतो. म्हणून हे सविस्तर.

उदाहरणात खर्च किलोवॅटला ५५,००० धरू, म्हणजे एकूण ११ लाख. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. मर्यादा घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट, आणि सभासदांनी स्वतंत्र बसवलेली सोलर त्या मर्यादेतच मोजली जाते. २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. निव्वळ खर्च ७ लाख ४० हजार.

कमिटी सभेत ७ लाख ४० हजारांचीच वर्गणी मांडते आणि काम मध्येच अडकतं, कारण अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यावर येतं. सुरुवातीला ११ लाख उभे करावे लागतात: सदनिकेमागे २७,५००, त्यातले ९,००० अनुदान आल्यावर परत. निव्वळ १८,५००.

बचत मुद्दाम हात राखून धरा. युनिटला १० रुपये वाचले असं धरलं तर २८,००० युनिटांचे २ लाख ८० हजार. त्यातले दहा टक्के सफाई, विमा आणि इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) राखीव निधीसाठी बाजूला. उरले २ लाख ५२ हजार, म्हणजे सदनिकेमागे महिन्याला ५२५ रुपये. निव्वळ खर्च तीन वर्षांच्या आत फिटतो.

आता वाटणी. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च, चालवण्याच्या विजेसह, त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत समान वाटला जातो, मग तळमजल्यावरचा सभासद लिफ्ट वापरो वा न वापरो. सामाईक दिव्यांसारखे सेवाशुल्काचे खर्चही सदनिकेमागे समान असतात. पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर. म्हणजे कॉमन वीजबिल सदनिकेमागे समान आकारलं जात असेल तर बचतही समानच होणार. मग वर्गणी चौरस फुटावर घेतली तर तीन बेडरूमवाला एक बेडरूमवाल्याच्या दुप्पट भरून तेवढीच बचत घेतो. उलट बिल चौरस फुटावर आकारणाऱ्या सोसायटीत वर्गणी समान घेतली तर लहान घरं मोठ्या घरांची बचत पुरवतात. तुमच्या मेंटेनन्सच्या पावतीत विजेची विभागणी कशी आहे ते बघा आणि वर्गणीला तीच ठेवा. दुकानगाळ्यांनाही हाच नियम.

दुसरा न्यायाचा प्रश्न: एकरकमी २७,५०० सगळ्यांना झेपत नाहीत. निवृत्तिवेतनावर राहणारी, एका पगारावर हप्ते भरणारी घरं प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्यामुळे प्रकल्प अडवू नका आणि त्यांना वगळूही नका. दोन रांगा ठेवा. जे आधी भरतात त्यांच्या मेंटेनन्समधून पहिल्या महिन्यापासून ५२५ वजा करा. जे भरू शकत नाहीत ते आजवरचं मेंटेनन्स तसंच भरत राहतील आणि त्यांच्या वाट्याचे ५२५ सौर निधीत वळते होतील. १८,५०० सुमारे ३५ महिन्यांत फिटतात, वर मुदत ठेवीच्या दराने साधं व्याज धरलं तर थोडे जास्त महिने. त्यानंतर त्यांनाही पूर्ण वजावट. त्यांची सुरुवातीची रक्कम जे सभासद जास्तीचे पैसे ठेवतील त्यांच्याकडून किंवा बँकेच्या कर्जातून घ्या आणि व्याज पैसे पुरवणाऱ्याला द्या. कुणावर जास्तीचा बोजा नाही आणि कुणावर उपकारही नाही.

सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. सोलरसाठी स्वतंत्र सौर निधीचं खातं उघडा.

ठरावात हे मुद्दे शब्दशः हवेत: क्षमता आणि कोणता ग्राहक क्रमांक. खर्चाची वरची मर्यादा. वर्गणीचं आणि बचतीचं प्रमाण. न भरणाऱ्यांची पद्धत. सदनिका विकली तर वर्गणीचा हक्क सदनिकेबरोबर जातो. भाडेकरू मेंटेनन्स भरत असेल तर वजावट मालकाच्या पावतीत दिसेल. सही करण्याचा अधिकार कोणाला. आणि उरलेल्या गच्चीवर पुढे कुणा सभासदाने स्वतःचं सोलर मागितलं तर जागा कशी द्यायची. सर्वसाधारण सभेची नोटीस उपविधीत दिलेले पूर्ण दिवस धरून काढा आणि विषयपत्रिकेत सोलरचा विषय स्पष्ट लिहा. "आयत्या वेळच्या विषयात" घेतलेल्या ठरावाला एक सभासदही आव्हान देऊ शकतो.

सोलर कंपनीच्याच पैशाने यंत्रणा बसवून तिला युनिटमागे दर देण्याचा पर्यायही विक्रेते मांडतात. पैसे उभेच राहत नसतील तर तो विचारात घ्या, पण चार कलमं आधी वाचा: दर दरवर्षी किती वाढणार, किमान किती युनिटांचे पैसे द्यावेच लागणार, मधेच यंत्रणा विकत घ्यायची तर किंमत काय, आणि गच्ची किती वर्षं अडकणार.

७. कोटेशन एकाच साच्यात मागवा

तीन नोंदणीकृत विक्रेत्यांना एकच कागद द्या आणि त्यातच दर भरून मागा. स्वतःच्या साच्यात आलेली कोटेशनं एकमेकांशी ताडताच येत नाहीत. कागदावर हे असू द्या:

- पॅनेलचा मेक, वॅट, संख्या. पॅनेलच्या आतले सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत, तरच अनुदान मिळतं. अनुक्रमांकांची यादी आणि देशी सेलचा दाखला बिलाबरोबर.
- इन्व्हर्टरचा मेक, क्षमता, वॉरंटीची वर्षं आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात.
- सांगाड्याचं वजन किलोत आणि गॅल्वनायझिंगची (गंज रोखणाऱ्या जस्ताच्या थराची) जाडी, ८० मायक्रॉन. कोकणात आणि खाडीजवळ यात तडजोड नको.
- वायरची जाडी आणि मेक, डीसी आणि एसी दोन्ही बाजूंचे सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारे), आकाशातल्या विजेसाठी वीजरोधक.
- पाच वर्षांची देखभाल आणि वर्षाला किमान किती युनिटांची हमी. कमी पडल्यास भरपाई कशी.
- जीएसटी वेगळा दाखवून. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या वस्तूंवर ५ टक्के आहे. वस्तू ७० आणि सेवा ३० टक्के धरून एकूण ८.९ टक्के पडतो. जुन्या १३.८ टक्क्यांनी कोटेशन आलं तर परत पाठवा.
- विद्युत निरीक्षकाची तपासणी लागली तर ती आणि नेट मीटरची फी कोणाकडे.

पैसे चार टप्प्यांत द्या: तांत्रिक मंजुरीनंतर १५ टक्के, माल गच्चीवर आल्यावर आणि अनुक्रमांक जुळल्यावर ५५, काम पूर्ण झाल्यावर २०, आणि नेट मीटरचं पहिलं बरोबर बिल आल्यावर १०. शेवटचे दहा टक्के हातात असतील तोवर विक्रेता फोन उचलतो.

८. अर्जाचा क्रम

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर सोसायटीच्या प्रवर्गात, कॉमन मीटरच्या ग्राहक क्रमांकाने नोंदणी. मग अर्ज. मग वीज कंपनीची तांत्रिक मंजुरी. १० किलोवॅटपर्यंत ती वेगळी लागत नाही, अर्ज मंजूर मानला जातो. त्यापुढे तपासणीला १५ दिवसांची मुदत आहे. मंजुरी आल्यावर विक्रेत्याशी करार. मग काम, मग पोर्टलवर यंत्रणेचा तपशील, मग नेट मीटर आणि तपासणी, मग कार्यान्वयनाचा दाखला, आणि शेवटी बँकेचा तपशील भरून अनुदानाची मागणी.

मोबाइल क्रमांक आणि ईमेल विक्रेत्याचा देऊ नका. ओटीपी त्याच्याकडे जातात आणि पुढे कमिटी बदलली की खातं कुणाच्याच हातात राहत नाही. सोसायटीच्या नावाने ईमेल काढा आणि पासवर्ड सेक्रेटरी व खजिनदार दोघांकडे ठेवा.

९. बसवताना गच्चीवर उभं राहून पाहायच्या गोष्टी

दिशा दक्षिण, कल १५ ते २० अंश. जागेमुळे कल कमी करावा लागला तरी १० अंशांच्या खाली नको, पावसाने धूळ धुतली जात नाही. पॅनेलवर पाय देऊन काम करणाऱ्याला तिथेच थांबवा. आत बारीक तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दोन वर्षांनी उत्पादन घटल्यावर कळतात.

पॅनेलमधले कनेक्टर एकाच मेकचे जोडीने असावेत. वेगवेगळ्या मेकचे एकमेकांत बसतात, पण आत नीट चिकटत नाहीत, तापतात, आणि सोलरच्या आगींचं हे नेहमीचं कारण आहे. वायरी सांगाड्याला बांधलेल्या हव्यात, कोब्यावर पाण्यात लोळणाऱ्या नकोत.

अर्थिंगचे खड्डे वेगळे: वीजरोधकासाठी एक, पॅनेल-सांगाड्याच्या बाजूसाठी एक, इन्व्हर्टर आणि एसी बाजूसाठी एक. प्रत्येकाचा रोध ५ ओहमच्या खाली, मीटर लावून तुमच्यासमोर मोजलेला. इमारतीच्या जुन्या अर्थिंगला तार जोडून दिली तर काम स्वीकारू नका.

इन्व्हर्टर सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी हवा. पत्र्याखाली, टाकीच्या नळाखाली किंवा बंद मीटररूममध्ये कोंडून नको.

सावधान: जनरेटर असेल तर इन्व्हर्टर आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा इंटरलॉक आवश्यक आहे. नाहीतर जनरेटर चालू झाल्यावर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून वीज उलटी ढकलतो आणि जनरेटर बिघडतो. दुसरं, वीज गेली की ही यंत्रणा बंदच पडते. लाइनवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षेसाठी ते तसंच हवं. "लाइट गेल्यावर लिफ्ट सोलरवर चालेल" असं सभेत कुणी सांगितलं असेल तर आधीच दुरुस्त करा.

१०. नेट मीटर आणि पहिलं बिल

नेट मीटर लागेपर्यंत यंत्रणा चालू करू नका. काही साधे मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात. चाचणीच्या नावाखाली आठवडाभर चालू ठेवली तर बिल घटण्याऐवजी वाढतं.

पहिलं बिल हातात घेऊन तीन आकडे जुळवा. उत्पादन मीटरवर २,३५० युनिट, बिलावर निर्यात १,१५०, आयात १,३०० असेल, तर थेट वापर २,३५० वजा १,१५० म्हणजे १,२००, एकूण वापर १,२०० अधिक १,३०० म्हणजे २,५००, आणि बिल १३०० वजा ११५० म्हणजे १५० युनिटांचं. एकूण वापर नेहमीच्या आसपास येत नसेल तर मीटरचा गुणक (रीडिंगला ज्या आकड्याने गुणून युनिटं काढतात तो) आयात आणि निर्यात दोन्हींना सारखा लावला आहे का ते पाहा. शिल्लक युनिटं पुढच्या बिलात आलीत का, हे दर महिन्याला तपासा. मार्चच्या बिलात विशेष.

११. पुढची देखभाल

डिसेंबर ते मे दर १० ते १५ दिवसांनी धुवा, सकाळी ८ च्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा वाईट. मऊ फडकं किंवा लांब दांड्याचा मऊ ब्रश, साबण किंवा खरखरीत घासणी नको. कबुतरं पॅनेलखाली घरटी करतात, म्हणून कडेने जाळी पहिल्याच महिन्यात लावून घ्या. दिवाळीत रात्रीचे रॉकेट गच्चीवरून उडवायला बंदी ठेवा.

मॉनिटरिंगचं अ‍ॅप वॉचमन, खजिनदार आणि आणखी एका सभासदाच्या फोनवर असू द्या. रोजचं उत्पादन किलोवॅटने भागून एका वहीत लिहा. निरभ्र दिवशी ते ३.५ च्या खाली आलं तर आधी धूळ, मग नवी सावली, मग एखादी स्ट्रिंग बंद आहे का ते पाहा. नारळाची झावळी वाढली, शेजारी नवं बांधकाम आलं, गच्चीवर कुणी डिश अँटेना लावली, असं अनेकदा निघतं. हिशेबाचं एक पान दर तिमाहीला नोटीसबोर्डावर लावा: किती युनिट तयार झाली, किती रुपये वाचले, सौर निधीत किती आले, दुसऱ्या रांगेतल्या सभासदांचे किती महिने उरले. नावं नकोत, आकडे पुरेत. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागेल, त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम याच पानावर वेगळ्या ओळीत दाखवा.